तीन हारांची शोकसभा

माणूस गेल्यावर त्याच्या मोबाईलवर येणारे मेसेज कोणी वाचायचे?

हा प्रश्न मी सगळ्यांना विचारला. आईला विचारला, विहाराच्या पायरीवर बसणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारला, आरमोरीच्या मोबाईल दुकानवाल्याला पण विचारला. तो म्हणाला, "सिम बंद करून टाक." अरे, मी तुला सिमचं विचारलं का? म्हाताऱ्यांनी तंबाखू मळायला घेतला. आई तर उठून अंगणात निघून गेली.

मग मीच ठरवलं. भावानं वाचायचे. आणि तिथूनच माझी फजिती सुरू झाली. साधीसुधी फजिती नाही, बरं का! आजही मी गावात पिकअप सुरू केली की कोणीतरी ओरडतेच, "काऊन रे पिंटू, आज कोणाले मारून राह्यला?" हसा तुम्ही. पण चहा आधी खाली ठेवा, नाहीतर नाकातून येईल.

तर रजनी म्हणजे माझी ताई. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. गडचिरोलीच्या एका कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. मी सातवीतून शाळा सोडली आणि राईस मिलच्या गाडीवर लागलो. आता पिकअप चालवतो, धानाची पोतीही मीच चढवतो. आमच्या घरात शिक्षणाची वाटणी झालीच नव्हती. माझ्या वाटचं पण तीच शिकत होती, आणि मला त्यात काही वाईट वाटत नव्हतं. ऐन रोवणीत, धान लावायच्या दिवसांत, तिला ताप आला. पाचव्या दिवशी ती नव्हती. एवढंच. याच्या पुढचं मला विचारू नका, मी सांगत नाही.

तिचा मोबाईल दोन महिने तिच्या कपड्यांच्या पेटीत बंद पडून होता. एक दिवस मी तो काढला, चार्जिंगला लावला. लॉक मला माहीत होता, स्क्रीनवर बोटानं उलटा सात काढायचा. उघडला तर एकच ग्रुप जोरात सुरू! 'ग्रंथालय वार्ता.' तिच्या कॉलेजच्या लायब्ररीचा.

नवीन पुस्तके आली आहेत. स्पर्धा परीक्षेची मासिके टेबल क्रमांक चारवर ठेवली आहेत. वाचनकक्ष शनिवारी दुपारी बंद राहील. ई-पुस्तकांचा पासवर्ड बदलला आहे, ग्रंथपालांना भेटावे. असे मेसेज. मी कामावरून आलो की एक एक अक्षर जोडत वाचायचो. चार ओळींना मला अर्धा तास लागायचा. पण वाटायचं, कोणीतरी अजून ताईला बोलावून राह्यलं. टेबल क्रमांक चारवर ये म्हणते.

कधी कधी त्या मोबाईलवर फोनही यायचा. तो मात्र मी उचलत नव्हतो. समोरच्यानं "रजनी?" म्हटलं तर काय बोलायचं, सांगा ना तुम्ही?

आणि रागही यायचा. पुस्तकं आली ते सांगतात, पंखा बिघडला ते सांगतात, पण आमची रजनी गेली याचा एक शब्द नाही! त्या लायब्ररीत ती रोज पाच-पाच तास बसायची. सकाळच्या बसनं जायची, शेवटच्या बसनं यायची. तिच्या खुर्चीला तरी काही वाटायला पाहिजे होतं की नाही? मला दुसरं काही नको होतं. त्या लायब्ररीत कोणीतरी उभं राहून तिचं नाव घ्यावं. मोठ्यानं. बस.

आणि एक दिवस मेसेज आला.

"आपली दिवंगत विद्यार्थिनी कु. रजनी..." तिथंच माझे डोळे अडकले. 'दिवंगत' हा शब्द मला झटकन वाचता येतो. चौकातल्या फ्लेक्सवर पाहून पाहून पाठ झाला आहे. पुढे होतं, शुक्रवार, सकाळी अकरा, ग्रंथालय सभागृह. आणि त्याच्या खाली जाड अक्षरात एक शब्द. 'शो', मध्ये एक गोलमटोल अक्षर, आणि मग 'सभा'.

आता तुम्ही शिकलेली माणसं आहात, तुम्हाला आधीच सांगून टाकतो. तो शब्द होता 'शोधसभा'. कॉलेजची मुलं कुठली तरी माहिती शोधून निबंध लिहितात आणि तो सगळ्यांसमोर वाचतात, त्याची सभा. पण मला कुठून माहीत असणार? 'दिवंगत' नंतर माणूस काय वाचेल? मी वाचलं, 'शोकसभा'.

म्हटलं, आली! चार महिन्यांनी का होईना, आठवण आली यांना!

मेसेजखाली ग्रंथपाल मॅडमचा नंबर होता. मी माझ्या मोबाईलवरून लावला. आमच्या गावात बोलायचं तर तलावाच्या पाळीवर जाऊन उभं राहावं लागतं, आणि तिथंही शब्दाचे तुकडे होऊनच कानात पडतात.

"मॅडम, शुक्रवारची ती शोकसभा खरी आहे का?"

"हो हो, शो... सभा! अकरा वाजता. कोण बोलताय?"

"मी रजनीच्या गावचा."

"अगबाई, गावचे का? फारच छान!"

छान? मी मोबाईल कानापासून दूर करून त्याच्याकडे पाहिलं.

"मी लोकं आणू का गावचे?"

"आणा ना! जितके येतील तितके आणा. आमच्याकडे लोक येतच नाहीत हो. मुलं सही करतात आणि मागच्या दारानं पळतात. दरवर्षीचं रडगाणं आहे."

"दरवर्षी असते?"

"दरवर्षी घेतो आम्ही. यंदा तीनच झालेत. निदान पाच तरी व्हावेत अशी माझी फार इच्छा होती."

"तीन? म्हणजे रजनी अन् अजून दोघं?"

"हो, पहिल्या वर्षाची दोन मुलं आहेत. फार हुशार."

"बापा रे! कसे काय झाले मॅडम?"

"कसे म्हणजे? मेहनतीनं! आधी तर दोघं मिळून एकच करणार होते. मी म्हटलं, तसं चालायचं नाही, ज्यानं त्यानं आपापला करायचा. मागे लागून लागून करून घेतलं मी."

"त्यांच्या मायबापाले मालूम आहे का हे?"

"खूश आहेत ते! आणि हो, सगळ्यात चांगल्याला बक्षीस पण आहे. परीक्षक चंद्रपूरहून येणार आहेत. बरं, रजनीला ज्यांनी ज्यांनी मदत केली ना, त्यांना नक्की..."

आणि नेटवर्क गेलं.

मी पाळीवरच खाली बसलो. हे कॉलेज आहे की काय आहे? तीन लेकरं गेली आणि बाई म्हणते पाच पाहिजे होते! शोकाला नंबर देतात! त्यासाठी चंद्रपूरहून माणूस बोलावतात!

विहारासमोर येऊन मी जसंच्या तसं सांगितलं. आमच्या शेजारच्या वच्छला काकू पहिल्यांदा उठल्या. काकूंची ओळख सांगतो. गावात कोणाच्याही घरी मयत असो, पहिला हंबरडा काकूंचा. त्या सुरुवात करत नाहीत तोपर्यंत घरच्यांनाही रडायला जमत नाही.

"त्या दोघा लेकराईचं कोणी आहे का नाई तिथी?" काकू म्हणाल्या. "त्याइच्यासाठी बी हार पाहिजे. परक्याच्या मयतीले का हात हलवत जातेत? तीन हार घ्या."

"पण बक्षीस कायचं बे?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"सगळ्यात चांगल्या शोकाले."

"म्हणजे कोण जास्त रडते ते?"

सगळ्यांनी काकूंकडे पाहिलं.

"माह्याकडे काऊन पाह्यता? मी का बक्षिसासाठी रडतो का?" काकू कडाडल्या. मग पदर सारखा केला आणि हळूच मला म्हणाल्या, "तो परीक्षक पुढेच बसते ना?"

"बक्षीस घ्यायचं नाई!" मी ओरडलो. "दिलं तं त्याइच्या तोंडावर फेकून यायचं! आपल्याले फक्त ताईचं नाव ऐकायचं आहे. ऐकायचं अन् परत यायचं."

आई तोपर्यंत काही बोलली नव्हती. चार महिन्यांपासून ती तशीही फारसं बोलत नव्हती. ती म्हणाली, "मी बी येतो." एवढंच.

मालकाला सांगितलं, मयतीसाठी गाडी पाहिजे. खोटं सांगितलं का मी? त्या वेळी माझ्या हिशेबानं तीन-तीन मयती होत्या! शुक्रवारी सकाळी पिकअप भरली. मी धरून एकोणीस माणसं, तीन हार, मेणबत्त्यांचा एक पुडा, आणि आईच्या मांडीवर ताईचा दहावीतला फोटो.

कॉलेजच्या गेटवर चौकीदारानं हात आडवा केला. "कुठी?"

"शोकसभेले."

"कोण गेलं?"

"तीन जण. तुमच्याच कॉलेजचे."

बिचाऱ्यानं टोपी काढली. मला तर काही मालूमच नाही, असं पुटपुटत आमच्या मागे हात जोडून चालायला लागला. वाटेत भेटला त्या शिपायाला त्यानं सांगितलं, शिपायानं झाडूवाल्या बाईंना सांगितलं, त्याही मागे आल्या. लायब्ररीच्या दारात पोचेपर्यंत आमची मिरवणूक तीस माणसांची झाली होती. सगळे खाली मान घालून!

दारात एक मुलगी रजिस्टर घेऊन बसली होती. इतकी माणसं पाहून तिच्या चेहऱ्यावर असा आनंद, असा आनंद! "सही करा काका, नाव लिहा आजी, चहा नंतर आहे." काकू माझ्या कानात म्हणाल्या, "लाज नाई पोरीले. दात काढून राह्यली."

आत गेलो. पुस्तकांची कपाटं मागे सरकवून खुर्च्या लावल्या होत्या. भिंतीवर कापडी फलक, त्यावर तोच जाड शब्द. मी पुन्हा वाचला. पुन्हा 'शोकसभा'च वाचला. एकदा माणसानं ठरवलं ना, की अक्षर बिचारं काय करणार!

फलकाखाली फ्लेक्स होता. तीन फोटो. मधे ताई.

हसत होती. एका हातात वही, मागे आमच्या गावचा तलाव. हा फोटो आमच्या घरी नव्हता. मला पुढचं काही दिसेनासं झालं. आई फ्लेक्ससमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं आमचा दहावीचा फोटो हळूच पदराखाली घेतला. मेणबत्तीचं कोणाच्या लक्षातच राहिलं नाही.

तेवढ्यात काकू कामाला लागल्या होत्या. एक हार ताईच्या फोटोला. आणि बाकीचे दोन, ताईच्या दोन्ही बाजूंना ज्या पोरांचे फोटो होते त्यांना! मग त्यांनी सूर लावला.

"काय वय होतं रे बाबाहो! मिशी बी नाई फुटली अजून! कोणाची नजर लागली रे माह्या सोन्याहो!"

खुर्च्यांवरची मुलं उठून उभी राहिली. पहिल्या रांगेत चष्मा लावलेले एक सर बसले होते, तेही उभे राहिले. त्यांना पाहून काकूंनी अजून एक पट्टी वर चढवली. चौकीदार डोळे पुसायला लागला. काकूंचा घसा बसला तसा एक पोरगा पाण्याचा ग्लास घेऊन पळत आला.

"आजी, पाणी घ्या. रडू नका."

काकू अर्धा ग्लास प्यायल्या. वर पाहिलं. पोराकडे पाहिलं. फ्लेक्सकडे पाहिलं. परत पोराकडे पाहिलं.

"अगे मायऽऽ!"

ग्लास उडाला तो थेट पुस्तकांच्या कपाटावर. "हा तं अजून इथीच आहे!"

"हो आजी," पोरगं घाबरून म्हणालं, "मी इथंच शिकतो."

आणि त्याच वेळी मागच्या खोलीतून दुसरा फोटोवाला पोरगा माईकची वायर ओढत बाहेर आला. चौकीदार जो पळाला, तो मला परत निघेपर्यंत दिसला नाही.

आता इथं एखादा समजदार माणूस काय करेल? थांबेल. कोणाला तरी विचारेल. मी काय केलं? मी त्या पोराच्या हातातून माईक हिसकावला. माईक सुरू होता.

"वारे वा कॉलेज!" माझा आवाज चारी भिंतींवर आपटला. "एकट्या माझ्या बहिणीसाठी सभा घ्यायची लाज वाटली का तुम्हाले? म्हणून हे दोन धडधाकट पोट्टे फोटोत बसवले? चार महिने झाले! चार महिने! पंखा बिघडला तं मेसेज टाकता. माझी बहीण गेली तं काय टाकलं तुम्ही? अन् बक्षीस देता? शोकाले पहिला नंबर, दुसरा नंबर? ठेवा तुमचं बक्षीस तुमच्यापाशी! आमच्या घरी लय शोक आहे, आम्ही तुमच्याकडे नंबर काढाले नाई आलो!"

मागून एक बाई पुढे आल्या. ठेंगण्या, केस पांढरे, गळ्यात चष्म्याची दोरी. फोनवरचा आवाज. ग्रंथपाल मॅडम.

"तू रजनीचा कोण?"

"भाऊ."

"पिंटू?"

"तुम्हाले माझं नाव कसं मालूम?"

"रजनीच सांगायची," म्हणत त्यांनी माझा हात धरून मला फलकापाशी नेलं. चष्मा लावला, आणि त्या जाड शब्दातल्या मधल्या अक्षराखाली बोट ठेवलं. "हे काय आहे?"

"क."

"नीट पाहा."

मी नीट पाहिलं. गोल होता. आत वेटोळं. काना.

"ध," मी म्हटलं.

"कशाचा ध?"

माझ्या तोंडून निघालं, "धानाचा."

पाच वर्षं मी धानाची पोती उचलली आहेत हो! पाठीवर, खांद्यावर, डोक्यावर. अन् धानाचा ध मला ओळखता आला नाही.

मॅडमनी मग शोधसभा म्हणजे काय ते सांगितलं. मोठ्यानं, म्हणजे गावच्यांनाही कळेल असं. आणि हेही सांगितलं, की रजनी गेली त्याच आठवड्यात तिच्या वर्गातली आणि लायब्ररीतली सगळी मुलं तिच्यासाठी उभी राहिली होती. तो मेसेजही ग्रुपवर टाकला होता. घरच्यांचा दुसरा नंबर नव्हता, म्हणून तिच्याच नंबरवर फोनही केले होते.

तेव्हा मोबाईल पेटीत बंद होता, आणि उघडल्यावर मी मागचे जुने मेसेज काही वर जाऊन वाचले नव्हते. आणि नंतर वाजला, तेव्हा मी उचलला नव्हता.

तुम्ही म्हणाल, मग तरी माफी मागितली असशील! नाही मागितली. खोटं कशाला सांगू? मी माईक परत केला आणि म्हटलं, "शोध असो नाईतर शोक असो, आम्ही ताईचं नाव ऐकाले आलो. ऐकल्याशिवाय जात नाई." आणि पहिल्या रांगेत जाऊन बसलो. माझ्या मागोमाग आमचे अठरा जण बसले, आई माझ्या शेजारी. काकूंनी जाता जाता त्या दोन पोरांच्या फोटोवरचे हार काढले, आणि आता त्याचं काय करायचं ते न कळून पोरांच्याच गळ्यात घातले. पोरंही हार घालूनच बसली. काकूंना नाही म्हणायची कोणाची छाती?

मग सभा सुरू झाली. ताईचा निबंध वाचायला तो पाणी देणारा पोरगाच उभा राहिला. हार घालून.

"शोधनिबंध. आमच्या गावच्या बांध्यांची नावे. संशोधक, कुमारी रजनी," असं म्हणत त्यानं तिचं पूर्ण नाव घेतलं. बापाच्या नावासकट. माईकवर.

झालं माझं काम. आईनं माझा हात धरला, तो निबंध संपेपर्यंत सोडला नाही.

बांधी म्हणजे धानाच्या शेताचा एक तुकडा, चारही बाजूंनी मातीचा बांध घातलेला, आत पाणी साठणारा. आमच्याकडे प्रत्येक बांधीला नाव असतं. आम्हाला त्यात काही विशेष वाटत नाही. पण ताई वर्षभर वही घेऊन घरोघर फिरली होती, आणि नाव कसं पडलं, कोणी सांगितलं, सगळं लिहून काढलं होतं. आम्हाला वाटायचं पोरगी रिकामी फिरते!

"क्रमांक चार," पोरगा वाचत होता, "वरातीची बांधी. येथे पूर्वी एक वरात चिखलात फसली होती..."

"वरात नाई फसली!" मागून एक म्हातारा उठला. "नवरदेव फसला. वरात पुढे निघून गेली."

"निघून गेली?" चंद्रपूरच्या सरांनी मागे वळून विचारलं.

"हो ना साहेब! नवरीच्या दारात गेल्यावर कळलं का नवरदेवच नाई!"

"अन् तो नवरदेव माहा सासरा होता," काकू म्हणाल्या. "लिहा, लिहा तुम्ही."

सर खरंच लिहायला लागले. मग काय विचारता! भांडणाची बांधी आली तर तिच्यावरून आमच्यातच भांडण लागलं. पोरगा एक ओळ वाचे, गाव तीन ओळी सांगे. पळून जाणारी मुलं दारातून परत येऊन बसली. मॅडम तर पेन शोधत फिरत होत्या.

"क्रमांक सतरा," पोरानं वाचलं आणि थांबला. "चड्डीची बांधी."

अख्खा हॉल हसला. फक्त आमचे लोक हसले नाहीत. सगळे वर पंख्याकडे पाहायला लागले. काकूंनी तर पदर तोंडात कोंबला.

पोरानं पुढे वाचलं. "नाव कसे पडले: मला माहीत आहे, पण संबंधित व्यक्तीने सांगण्याची परवानगी दिलेली नाही. मी शब्द दिला आहे."

निबंध संपला. टाळ्या झाल्या. चंद्रपूरचे सर उठून बोलले, की काम फार मोलाचं आहे, गावकऱ्यांनी तर त्यात भरच घातली. मॅडमनी सांगितलं, की रजनीचा निबंध बांधून घेऊन आम्ही लायब्ररीत कायमचा ठेवणार आहोत, तिच्या नावानं, पुढच्या मुलांना वाचायला. माझी छाती अशी फुगली!

"फक्त एक गोष्ट," सर म्हणाले. "सतरा नंबरची नोंद अपूर्ण आहे. नावाचा उगम नाही, माहिती देणारा नाही. अशी नोंद ठेवता येत नाही. तेवढी काढून टाका."

काढून टाका?

तिच्या हातानं लिहिलेली ओळ काढून टाका?

मी मागे वळून पाहिलं. एकजात सगळे पंख्याकडे. ताईनं घरोघर जाऊन सगळ्यांकडून वचन घेतलं होतं म्हणे, कोणी बोलायचं नाही. मी तिला एकदाच सांगितलं होतं, "वहीत माझं नाव आलं तं तुह्याशी जन्मभर बोलणार नाई." ती हसली होती. पण तिनं पाळलं.

मी उठलो. माईक मागितला. पोरानं दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला होता, मागचा अनुभव होता ना त्याला! मॅडमनी द्यायला लावला.

"सर, सतरा नंबर माझा आहे," मी म्हटलं. "लिहून घ्या. मी सात वर्षांचा होतो. रोवणी सुरू होती. मी बांधीत खेळत होतो, तं माझ्या चड्डीत बेडूक शिरला. मले वाटलं साप. मी चड्डी तिथंच सोडली अन् पळालो. चार बांध्या ओलांडून रस्त्यावर गेलो. रस्त्यावर एसटी उभी होती, म्हशी आडव्या आल्यानं. भरलेली एसटी. सगळ्याइनं खिडकीतून पाह्यलं. माझी ताई मागून ओरडत येत होती, 'अरे बेडूक आहे, बेडूक!' चड्डी चिखलात गेली. नवी होती. पिवळी."

"लाल होती."

आई होती ती. जागेवरूनच. चार महिन्यांत तिचा एवढा खणखणीत आवाज मी ऐकला नव्हता.

"पिवळी होती, आई."

"मी घेतली होती का तू घेतली होती? लाल होती. लिहा मॅडम, लाल."

सर अगदी गंभीर. "ही घटना आणखी कोणी पाहिली आहे का?"

अठराच्या अठरा हात वर झाले.

"आणि ती वस्तू?"

"अजून तिथंच आहे साहेब," काकू म्हणाल्या. "दरसाल नांगरतो, पण निघत नाई."

मॅडमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. रडत होत्या की हसत होत्या, मला कळलं नाही. त्यांनी सतरा नंबरचा कागद माझ्यासमोर धरला, पेन दिलं आणि हळूच म्हणाल्या, "नीट विचार कर पिंटू. हे कायमचं राहील. तुझं नाव उद्या तुझी पोरंही वाचतील."

"वाचू द्या," मी म्हटलं. 'माहिती देणारा' याच्यापुढे माझं पूर्ण नाव लिहिलं. एक एक अक्षर, सावकाश. मॅडमनी तपासलं. एकही चूक नव्हती.

बक्षीस त्या पाणीवाल्या पोराला मिळालं. मिळू दे. हार आधीच गळ्यात होता त्याच्या.

लोक बहिणीसाठी काय काय करतात. मला तर शेवटी एवढंच करता आलं, की भरल्या लायब्ररीत, चंद्रपूरच्या परीक्षकासमोर, माईकवर उभं राहून मी सगळ्यांदेखत चड्डी सोडली. दुसऱ्यांदा.